दीडशेच्या लेन्सचा दोष

नाना, तुमच्या दीडशेच्या लेन्समध्ये काही दोष नव्हता. हे वाक्य मी पत्राच्या शेवटी लिहिणार होते, इकडची तिकडची चौकशी करून झाल्यावर. पण तुम्हाला प्रस्तावना चालत नसे. कोणी फोटो दाखवायला आणला आणि आधी ऊन कसं होतं, बाई कशी हलली, हे सांगायला लागला की तुम्ही हात वर करायचात. "पहिले देखू दे." म्हणून आधी दाखवते. लेन्स चांगली होती. आजींच्या फोटोत गोंदण दिसलं नाही ते माझ्यामुळे. तुम्ही जाऊन आता पंचवीस वर्षं होत आली, आणि ही गोष्ट तुम्ही होतात तेव्हाही मला माहीत होती.

सुरतेत लिंबायतच्या त्या गल्लीत खाली लूमचं खातं, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना, आणि वर तुमचा स्टुडिओ. आठवड्याचे सहा दिवस पायाखालची फरशी थरथरायची. टेबलावरचा चहाचा पेला आपोआप सरकत कडेला यायचा आणि तुम्ही न बघता तो बोटाने मागे ढकलायचात. शटर जरा हळू चालवलं की फोटो हललाच म्हणून समजायचं. त्यामुळे त्या सहा दिवसांत दिवे लावून पासपोर्टचे, शाळेच्या फॉर्मचे आणि लग्न जमवायच्या मुलींचे फोटो निघायचे. रविवारी खातं बंद असायचं. तुमच्या मनातले फोटो तुम्ही रविवारी काढायचात, खिडकीच्या उजेडात. मी तुमच्याकडे रिटचिंगला लागले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. नवरा सुरतेजवळच्या सचिन गावी डाइंगच्या कारखान्यात, बिऱ्हाड गोडादऱ्याला, मुलगी नुकती बालवाडीत जाऊ लागलेली. काम मी माहेरी, अमळनेरला शिकले होते. तुम्ही कुठे शिकलीस वगैरे विचारलं नाही. एक निगेटिव्ह हातात दिली आणि म्हणालात, या माणसाच्या गालावरचे देवीचे वण काढून दाखव. मी दोन तास मान मोडून ते काढले. तुम्ही भिंग लावून पाहिलं आणि म्हणालात, "डाग गया, माय. पन संगे मानूस बी गया. परत कर." मला इतका राग आला होता की दुसऱ्या दिवशी यायचंच नाही असं ठरवून मी घरी गेले, आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या आधी येऊन कुलपापाशी उभी राहिले.

रिटचिंग म्हणजे काय ते तुम्हाला सांगायची गरज नाही, पण मला ते एकदा स्वतःच्या हाताने लिहायचं आहे. निगेटिव्हवर वार्निशचं बोट फिरवायचं. ते सुकलं की सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीने डागाच्या जागी बारीक बारीक ठिपके भरत जायचं. तिथे जागा भरली की कागदावर डाग उमटत नाही. आणि मनासारखं झालं नाही तर टर्पेंटाइनचा बोळा हलक्या हाताने फिरवायचा, सगळी पेन्सिल निघून जाते, खाली निगेटिव्ह होती तशीच असते. अर्ध्या तासाचं काम. तुमच्यासमोर ते मी कितीतरी वेळा केलेलं आहे.

तो चौकोनी निगेटिव्हचा कॅमेरा तुम्ही कसा मिळवलात, हे तुम्ही दर वेळी वेगळं सांगायचात, त्यामुळे खरं काय ते मला आजही माहीत नाही. एवढं ठाऊक आहे की आधी तुम्ही स्वतः मागावर उभे राहायचात आणि हा कॅमेरा हातात आल्यावर माग सोडलात. तो डोळ्याला लावायचा नसतो. पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून वरून काचेत बघायचं. काचेत डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. मला शिकवताना तुम्ही म्हणायचात की या कॅमेऱ्याने बायका घाबरत नाहीत. ते खरंच होतं. एरवी कोणी समोरून रोखून पाहिलं की पदर ओढून घेणारी बाई, तुम्ही तिच्यापुढे खाली मान घालून उभे राहिलात की निवांत बसायची. एका रोलमध्ये बारा फोटो, त्यामुळे तुम्ही बटण दाबायला इतका वेळ लावायचात की समोरच्या म्हाताऱ्या डुलक्या घ्यायच्या. आणि तुमच्या त्या तीन लेन्स, पन्नास, ऐंशी आणि दीडशे मिलिमीटरच्या. त्यांची वही. निळ्या पुठ्ठ्याच्या त्या वहीत तुम्ही दर लेन्सबद्दल लिहायचात, सुनेबद्दल सासूने लिहावं तसं. मला काही ओळी पाठ आहेत. "ऐंशीची: सरळ बाई. विचारलं तेवढंच सांगते." "पन्नासची: छोट्या खोलीत सगळ्यांना जागा देते, पण कडेच्या माणसाला जाड करते. नवरदेवाला कडेला उभं करू नये." आणि दीडशेची, जी तुमची लाडकी: "हिचा उजेड सायीसारखा बसतो. डोळ्याला टोचत नाही, तरी पापण्या मोजून घ्या." चार-चार महिने वापरल्याशिवाय तुम्ही एक ओळ लिहीत नव्हता. तुम्ही सातवीपर्यंत शिकलेले, पण त्या वहीत एक शब्द जास्तीचा नाही.

रविवारी दुपारी चहाला मार्केटचे कॅटलॉगवाले भाई यायचे. साड्यांच्या कॅटलॉगचे फोटो काढायचे ते, गुजराती माणूस, चष्मा कायम डोक्यावर आणि शोध कायम चष्म्याचा. त्यांच्याकडे तसाच कॅमेरा होता, म्हणून लेन्स इकडच्या तिकडे जायच्या. आमच्या काकू, तुमच्या पत्नी, चहा आणि शेव ठेवून जायच्या आणि मग आठवड्याचे फोटो टेबलावर मांडायचे. नियम तुमचा: ज्याचा हात फोटोला लागला आहे त्याने त्याबद्दल बोलायचं नाही. बाकीच्यांनी बोलायचं, त्याने ऐकायचं. फोटो लोकांच्या घरी जातो तेव्हा काढणारा काही त्याच्यामागे समजावायला जात नाही, असं तुमचं म्हणणं. भाईंना हा नियम फार जाचायचा. आपल्या फोटोबद्दल आम्ही काहीतरी बोलत असलो की ते शेव चावायचं थांबवून नुसते मिशी ओढत बसायचे. मला मात्र नियम बरा वाटायचा. तुमच्या बहुतेक फोटोंना माझाही हात लागलेला असायचा, त्यामुळे मी आपली चहा पीत ऐकायची. ऐकून मी किती शिकले, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही विचारलंही नाहीत.

त्या काळात तुम्ही दर रविवारी एका म्हातारीचा फोटो काढत होता. आपल्या गल्लीतल्या, गोडादऱ्याच्या, मुलांच्या मागे खान्देशातून आलेल्या आणि सुरतेत कधीच न रुळलेल्या बायका. दीडशेची लेन्स पूर्ण उघडी, खिडकीचा उजेड, बाकी काही नाही. या फोटोंना रिटचिंग नाही, असं तुम्ही कधी बोलून दाखवलं नव्हतंत, पण ते माझ्याकडे कधी आलेही नव्हते. एकवीस झाले होते. चाळीस झाले की गणपतीत मंडपाशेजारी लावू, असं तुम्ही भाईंना म्हणाला होता. मग आजी आल्या, तुमच्या आई, मोतीबिंदूचं ऑपरेशन करायला. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर पहिल्याच रविवारी तुम्ही त्यांना खिडकीशी स्टुलावर बसवलंत. मी पडदा धरून उभी होते. आजींना बारीक काही दिसायला लागलं होतं आणि त्या सगळ्याला नावं ठेवत होत्या, भिंतीच्या रंगापासून माझ्या बांगड्यांपर्यंत. कपाळावर चंद्रकोर आणि तिच्याखाली ठिपका, दोन्ही डोळ्यांच्या कडेला एकेक ठिपका, हनुवटीवर तीन. हिरवं पडलेलं जुनं गोंदण. मी बघते आहे हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणाल्या, नऊ वर्षांची होते, चार बायकांनी धरून ठेवलं होतं, मी त्यातल्या एकीला चावले होते. मग हसून म्हणाल्या, "सोनंनाणं लोके काढी लेतस. हाई कोन काढी लेई?" तुम्ही मान खाली घालून काचेत बघत होता, नेहमीसारखा वेळ लावत. आजी म्हणाल्या, "पोऱ्या, तू माले देखी ऱ्हायना का जमीन देखी ऱ्हायना?" आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसल्या. तेव्हा तुम्ही बटण दाबलंत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही त्यांना गावी सोडायला गेलात. जाताना मला म्हणालात, रोल धुऊन ठेव, आल्यावर बघू. मी धुतला. नववा फोटो हसतानाचा. ओली निगेटिव्ह उजेडात धरली तेव्हाच कळलं की असा फोटो तुम्हीही पुन्हा काढू शकणार नाही. आता पुढचं सांगते. माझ्या हनुवटीवर तीन ठिपके आहेत, तुम्हाला माहीत आहे. सहा वर्षांची असताना आजोळी जत्रेत गोंदवले. लग्नाच्या आधी जो फोटो सासरी पाठवला त्यातले ते मी स्वतः काढले, स्वतःच्या निगेटिव्हवर बसून. सुरतेत आल्यावर शेजारणी ते बघून हळूच विचारायच्या, गावाकडच्या का? लग्न जमवायच्या मुली स्टुडिओत यायच्या तेव्हा त्यांच्या आया मला आत येऊन कानात सांगायच्या, ताई, तेवढं गोंदण घालवा, मुलाकडचे शिकलेले आहेत. मी घालवायचे. वर्षानुवर्षं माझ्या हाताने मी ते घालवत आले होते आणि दर वेळी त्या मुलींचे चेहरे खुलायचे. आजींचा तो हसरा चेहरा मी दोन दुपारी समोर घेऊन बसले. मला तुम्हाला काहीतरी द्यायचं होतं, नाना. तुम्ही परत याल आणि तुमच्या आईचा स्वच्छ, देखणा फोटो तयार असेल. मला तुमचं पहिल्या दिवशीचं बोलणंही आठवत होतं. माणूस जाऊ नये म्हणून एकाही सुरकुतीला मी हात लावला नाही. गोंदण तेवढं काढलं. गोंदण म्हणजे माणूस, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तुम्ही परत आला नाहीत. बाराव्या दिवशी निरोप आला तो आजी गेल्याचा. झोपेतच गेल्या. निरोप आणणाऱ्याबरोबर तुम्ही सांगितलं होतं की हसतानाचा फोटो मोठा करून, काच लावून, सुतक फिटतं त्या गंधमुक्तीच्या आदल्या दिवशी घेऊन ये. कुठला फोटो ते तुम्हाला न बघताही माहीत होतं. मी तो भला मोठा छापला. फ्रेम जुन्या चादरीत गुंडाळून नंदुरबारच्या गाडीत मांडीवर घेऊन बसले. वाटेत दोनदा चादर उघडून बघितलं. इतकं नितळ काम मी आयुष्यात केलं नव्हतं. मला अभिमान वाटत होता, हेही लिहून टाकते.

गावी ओसरीवर पाटावर फोटो ठेवला, हार घातला, आणि बायका एकेक करून दर्शनाला यायला लागल्या. तुम्ही मुंडन केलेले, अंगावर पांढरं, लोकांच्या उठबशीत. फोटोकडे तुम्ही नीट बघितलंच नव्हतंत. मग आजींची धाकटी बहीण आली. तिच्याही कपाळावर तशीच चंद्रकोर, दोघींना एकाच दिवशी गोंदलेलं. ती फोटोसमोर बसली. पदराने काच पुसली, पुन्हा पुसली. मग मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हाई कोन शे? हाई मन्ही बहीण नई. तिन्हा कपायवरलं गोंदन कोठे गयं?" दुसरी एक म्हणाली, फोटोवाल्याने दुसरीच बाई आणली. मावशी रडायला लागली, आणि ते मेलेल्यासाठीचं रडणं नव्हतं, हे तिथल्या लहान पोरांनाही कळलं असतं. आपण बहिणीला शेवटचं बघायला आलो आणि ती तिथे नाही, असं ते रडणं. तुम्ही पुढे आलात. गुडघ्यावर बसून फोटो पाहिलात. मी खांबाशी उभी होते, चादर हातात. तुम्ही किती वेळ पाहिलंत ते मला सांगता येणार नाही. मग तुम्ही उठून मावशीच्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "लेन्समा दोष शे, मावशी. तेन्हामुये नई उनं." त्यामुळे गोंदण आलं नाही.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. चार शब्दांचं काम होतं. मी बोलले असते तर मावशी मला दोन शिव्या देऊन मोकळी झाली असती, मी सुरतेला जाऊन बोळा फिरवला असता आणि आठवड्यात आजी परत कपाळासकट त्यांच्या भिंतीवर लागल्या असत्या. पण इतक्या बायकांत माझ्या हनुवटीवरच्या ठिपक्यांकडे कोणी बघेल, हिला कळायला नको होतं का, असं कोणी म्हणेल, या भीतीने मी हातातल्या चादरीची घडी घालत राहिले. आणि तुम्ही कारण दिलेलंच होतं. ते आयतं होतं. मी ते घेतलं.

सुरतेला आल्यावर तुम्ही ती निगेटिव्ह मागाल म्हणून मी रोज तयार होऊन यायचे. तुम्ही मागितली नाहीत. मी ती पाकिटात घालून डब्याच्या तळाशी ठेवली. त्या आठवड्यात तुम्ही वही काढलीत आणि दीडशेच्या पानावर लिहिलंत: "पूर्ण उघडी ठेवली तर बारीक खुणा गिळते. चेहऱ्याला वापरू नये." शाई वाळेपर्यंत वही उघडी होती, मी ते वाचलं. मग तुम्ही ती लेन्स फडक्यात बांधून भाईंना दिलीत, साड्यांना चालेल म्हणालात. चार महिने वापरल्याशिवाय एक ओळ न लिहिणारे तुम्ही, आणि ही ओळ एका फोटोवरून.

एका रविवारी भाई आले ते खुशीत. फोटो टेबलावर आपटलाच त्यांनी. जरीच्या पदराचा, अगदी जवळून, लेन्स पूर्ण उघडी. जरीची एकेक तार सुटी दिसत होती, मध्ये निसटलेला एक धागाही. नियम मोडून ते स्वतःच बोलायला लागले. "नाना, आमां तो बधुं आवे छे. आ लेन्स कशुं गळती नथी." यात तर सगळं येतं, ही काहीच गिळत नाही. मी पेला तोंडाला लावून बसले होते. तुम्ही तो फोटो हातात घेऊन खिडकीपाशी गेलात, उजेडात धरलात. मग परत आणून टेबलावर ठेवलात आणि म्हणालात, "साडी अलग, चेहरा अलग." भाई वाद घालणारच होते, पण तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, चहा गार झाला असेल, दुसरा सांगू का. इतकंच. त्या विचारण्याचा अर्थ काय, ते मी किती वेळा लावून पाहिलं असेल. खोलीच्या त्या टोकाहून निगेटिव्हवरची पेन्सिल ओळखणारा माणूस तुम्ही. तुम्हाला कळलं होतं का? कळलं असेल तर तुम्ही मला सांभाळलंत, आणि नसेल तर मी तुम्हाला तुमच्या लेन्सपासून तोडलं. मला दोन्ही सोसवत नाही. खरं सांगू, तुम्हाला कळलं होतं असंच मी बरीच वर्षं धरून चालले, कारण त्यात मला झोप यायची.

पण आजींनंतर तेविसावी म्हातारी स्टुलावर बसली नाही, हे काही केल्या बदलत नाही. रविवारी खातं बंद असायचं, फरशी स्थिर असायची, खिडकीत तसाच उजेड यायचा, आणि तुम्ही वर्तमानपत्र वाचत बसायचात. काकूंनी एकदा विचारलं तर म्हणालात, आता रंगीत लॅबचे दिवस आले, हे कोण बघणार. एकवीस फोटो पेटीत गेले. मंडपाशेजारी काही लागलं नाही. पुढे तीन वर्षांनी तुम्ही गेलात. माझी चूक आजींच्या फोटोपुरती असती तर मी कदाचित एव्हाना विसरले असते. तुमचा तुमच्या डोळ्यांवरचा विश्वास गेला, आणि मी शेजारच्या टेबलावर बसून तो जाताना पाहिला.

गेल्या महिन्यात काकूंनी बोलावलं. खोली विकायची आहे, नाती म्हणतात सामान काढा. काकू ऐंशीच्या पुढे गेल्यात, गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. वही, पेटी आणि निगेटिव्हचे डबे मला दिले. "तुन्हाशिवाय कोनले कयस यान्हामा?" म्हणाल्या, यातलं तुझ्याशिवाय कोणाला कळतं. तळाचं पाकीट मी ठेवलं होतं तसंच होतं. घरी आणून मी तीन दिवस त्याला हात लावला नाही. चौथ्या दिवशी दुपारी टर्पेंटाइनचा बोळा केला आणि आजींच्या कपाळावरून फिरवला. वार्निश इतकं जुनं, निघेल की नाही वाटत होतं. निघालं. बोळ्यावर थोडा काळसर डाग आला, तेवढीच माझी दोन दुपारींची मेहनत. भिंगाखाली आधी ठिपका दिसला, मग चंद्रकोर. डोळ्यांच्या कडा. हनुवटीवरचे तीन. सगळं तिथेच होतं, नाना, पहिल्या दिवसापासून. तुमच्या लेन्सने एकही ठिपका सोडला नव्हता. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं तो चेहरा पेन्सिलीखाली हसत राहिला. मी स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभी राहून रडले, आणि मुलीने फोनवर विचारलं तेव्हा कांदा चिरते आहे म्हणाले.

फोटो छापून काकूंकडे नेला. त्यांनी तो मांडीवर घेतला, कपाळावरून बोट फिरवलं, अगदी चंद्रकोरीच्या वळणाने. "आते दिखनी मन्ही सासू," म्हणाल्या. मग मान वर न करता विचारलं, "मंग तव्हय काब्र नई उनं?" तेव्हा का नाही आलं. मी हेच सांगायला गेले होते. वाटेत रिक्षात वाक्य जुळवून ठेवलं होतं. आणि मी म्हणाले, "फिल्म जुनी व्हती, काकू. आता नव्या औषधानं निघालं." त्या हं म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मंग त्यासनी लेन्सले काब्र दोष दिधा?" मी चहा संपवला आणि पेला विसळायला आत गेले.

म्हणून हे पत्र. घडी करून वहीत, दीडशेच्या पानात ठेवायचं आणि वही काकूंना परत नेऊन द्यायची, असं ठरवून लिहायला बसले होते. पण काकूंना वाचता येत नाही. तुमची नातवंडं गुजरातीत शिकली, मराठीच्या दोन ओळींपुढे त्यांचं डोकं दुखतं. म्हणजे मी कबुली अशा जागी ठेवायला निघाले होते जिथे ती कोणीच वाचणार नाही. तुमच्या नियमात हे बसतं म्हणा. ज्याचा हात फोटोला लागला त्याने बोलायचं नाही. इतका काटेकोर नियम भाईंनीसुद्धा पाळला नसेल. तर पत्र वहीत ठेवत नाही. काकूंना तोंडानेच सांगायला लागेल, त्या ऐकू शकतात तोवर.

वहीत मात्र लिहिलं आहे. तुमच्या त्या शेवटच्या ओळीखाली, तुमच्यासारखंच कमी शब्दांत: "लेन्समध्ये दोष नाही. गोंदण रिटचिंग करणारीने काढलं होतं." तुमची ओळ शाईची आहे, अजून ठळक आहे. माझ्याही शेजारी पेन होतं, नाना. मी पेन्सिलीने लिहिलं.